कोळसा खाणीचे पाणी आम्लधर्मी नाही, म्हणून ते निर्धोक मानावे का?

वर्धाकाठ

वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात कोळशाची खाण म्हटली की पाण्याचा उपसा आलाच. वर्धा खोऱ्यातला कोळसा बाराकार थरांत आहे, आणि त्याच्या वर पसरलेला कामठी वालुकाश्म स्वतःच पाणी धरून ठेवणारा आहे. त्यामुळे खाण जसजशी खोल जाते तसतसे आजूबाजूचे भूजल तिच्याकडे झिरपते आणि ते बाहेर काढल्याशिवाय कोळसा काढता येत नाही. हे पाणी खाणीच्या तळाच्या सम्पमध्ये, म्हणजे सर्वांत खोल खड्ड्यात, साठते, पंपाने गाळ बसवण्याच्या सेटलिंग टँकमध्ये येते, आणि तिथून नाल्यामार्गे इरई, वर्धा, पैनगंगा या नद्यांना मिळते.

या विषयावर बोलताना आपल्याकडे दोनच बाजू मांडल्या जातात. एक बाजू मेघालयातल्या नद्यांची छायाचित्रे दाखवून आपल्याकडेही आम्लच वाहत असल्याचे सांगते. दुसरी बाजू सामू (पीएच; सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) साडेसात दाखवणारा अहवाल पुढे करून विषय संपवते. मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे.

कोळशात आणि त्याच्या लगतच्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, कमीअधिक प्रमाणात असते. त्याला हवा आणि पाणी एकत्र लाभले की सल्फ्यूरिक आम्ल तयार होते आणि लोह विरघळते. सामू चारच्या खाली घसरला की लोहाच्या ऑक्सिडीकरणावर जगणारे जिवाणू ही क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतात. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतला कोळसा सागरी प्रभावाखाली साचलेला असल्याने त्यात गंधक भरपूर आहे, आणि तिथल्या नद्यांची आम्लता हे राष्ट्रीय हरित लवादाने १७ एप्रिल २०१४ रोजी उंदीरबिळी खाणकामावर घातलेल्या बंदीमागचे एक मोठे कारण होते. आपला गोंडवाना कोळसा नदीकाठच्या गोड्या पाण्याच्या दलदलीत तयार झालेला असल्यामुळे त्यातले गंधक सहसा एक टक्क्याच्या आत असते. शिवाय आपल्या खडकांत कार्बोनेट खनिजे असल्याने जे थोडेफार आम्ल तयार होते ते जागीच उदासीन होऊन जाते.

मात्र ते उदासीन होते म्हणजे नाहीसे होत नाही. एक किलो पायराइट पूर्णपणे ऑक्सिडीकृत झाले तर त्याचे आम्ल मारण्यासाठी सुमारे १.६७ किलो कॅल्शियम कार्बोनेट खर्ची पडते आणि पाण्यात १.६ किलो सल्फेट, त्याच्या जोडीने कॅल्शियम व मॅग्नेशियम, शिल्लक राहतात. म्हणून आपल्या खाणींच्या पाण्याचा वाढलेला कठीणपणा आणि त्यातले सल्फेट यांचा काही भाग हा आधीच घडून गेलेल्या आम्लक्रियेचा हिशोब असतो. साडेसात सामूवरून एवढेच कळते की आम्लाला चुना पुरला. पाण्यात काय उरले ते कळत नाही.

आता कायद्याकडे पाहू. केंद्राने सप्टेंबर २००० मध्ये कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत सामू ५.५ ते ९, तरंगता गाळ प्रति लिटर १०० मिलिग्रॅम (जमिनीवर सिंचनासाठी सोडायचे असल्यास २००), तेल व ग्रीस १० आणि नायट्रेट नायट्रोजन १० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. सल्फेट, कठीणपणा आणि एकूण विरघळलेले क्षार यांना तिथे मर्यादा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतिपत्रात जादा अटी घालू शकते, हे खरे. परंतु मूळ यादीत जे नाही त्यासाठी शुद्धीकरण यंत्रणा आपणहून कोण उभारणार? जाणकारांनी आपापला अनुभव लिहावा.

निवळी

मी जलशुद्धीकरणाच्या व्यवसायात आहे. क्षारांचा मुद्दा आपण योग्य मांडला आहे, पण माझ्या मते त्याआधी साध्या गाळाचेच उत्तर आपल्याकडे नीट मिळालेले नाही.

सेटलिंग टँक हा शब्द ऐकून आपण गृहीत धरतो की पाणी थांबले की गाळ बसतो. मातीचा दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण तीन तास घेतो, तर एक मायक्रॉनच्या कणाला बारा-तेरा दिवस लागतात, कारण खाली जाण्याचा वेग व्यासाच्या वर्गानुसार बदलतो. कोळशाची भुकटी त्याहून अवघड, कारण कोळशाची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त असते. तेवढ्याच आकाराचा कोळशाचा कण मातीच्या कणाच्या चार-पाच पट वेळ घेतो. काही तासांच्या टँकमधून काळे, गढूळ पाणी बाहेर पडते ते यामुळे. तिथे तुरटी किंवा पॅक, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड, कण एकत्र गोळा करणाऱ्या थोड्या पॉलिइलेक्ट्रोलाइटसोबत द्यावे लागते, आणि किती द्यायचे हे जार टेस्ट करून, म्हणजे भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहून, ठरवावे लागते. पाणी ऋतूप्रमाणे बदलत असल्याने उन्हाळ्यात ठरवलेली मात्रा ऑगस्टमध्ये चालत नाही.

दुसरी गोष्ट बसलेल्या गाळाची. समजा रोज दहा हजार घनमीटर पाणी येते, त्यात प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम गाळ आहे आणि आपल्याला तो १०० वर आणायचा आहे. याचा अर्थ रोज चार टन कोरडा गाळ टँकमध्ये राहणार, म्हणजे वर्षाला सुमारे १,४६० टन. आणि त्या चिखलात घन पदार्थ वीस टक्के धरले तर साडेसहा हजार घनमीटर जागा तो व्यापणार. टँक वेळेवर उपसला नाही तर पाणी वरून पळत निघून जाते आणि टँक केवळ नकाशावर उरतो.

तिसरी गोष्ट पावसाची. दोन चौरस किलोमीटरच्या खुल्या खाणीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा जरी सम्पमध्ये उतरला तरी ते एक लाख घनमीटर पाणी होते. रोजच्या दहा हजारांसाठी बांधलेला टँक त्यापुढे काहीही करू शकत नाही. म्हणून पावसाळ्यातले खरे शुद्धीकरण टँकमध्ये होत नाही, ते साठवणुकीत होते: ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवरून येणारे पाणी खाणीभोवतीच्या गारलँड ड्रेनमधून वेगळे वळवणे, कोळसा काढून झालेल्या जुन्या खड्ड्यात पाणी आठवडे-दोन आठवडे थांबवणे, आणि मग वरच्या थरातले निवळलेले पाणी तरंगत्या पंपाने उचलणे. ज्या खाणीत असा मोकळा खड्डा राखून ठेवलेला असतो तिचे पाणी दिसायलाच निराळे असते.

काळीमाती

मी शेतकरी आहे. आमच्या गावाजवळच्या एका खाणीचे पाणी नाल्याला येते आणि रब्बीत आम्ही तेच मोटारीने उचलतो, कारण खाण खोल गेल्यापासून विहिरींची पातळी खाली गेली आहे. पाणी दिसायला स्वच्छ असते. कपाशीला त्याने काही झालेले दिसत नाही, परंतु हरभरा नीट फुटत नाही, आणि उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी पुटे चढतात. चौकशी केली तर मानकांत बसणारे पाणी असल्याचे उत्तर मिळाले. आपल्या लिखाणावरून ते उत्तर खोटे नव्हते असे दिसते. मग ही पुटे कशाची?

वर्धाकाठ

पाणी तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरी हिशोब मांडून पाहता येतो. पाण्यात प्रति लिटर १,५०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि रब्बीच्या हंगामात एकूण ५०० मिलिमीटर पाणी दिले असे धरू. हेक्टरी पाच हजार घनमीटर पाणी झाले आणि त्यासोबत साडेसात टन क्षार जमिनीत उतरले. पाणी पीक पिऊन टाकते, क्षार मागे ठेवते. आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होत असल्याने त्यातला बराचसा भाग पुढच्या पावसाळ्यात धुऊन जातो, पण भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो आणि सखल तुकड्यात क्षार साचत जातात.

कपाशी क्षार चांगले सोसणाऱ्या पिकांपैकी आहे. हरभरा आणि संत्रा नाजूक आहेत. आपण वर्णन केलेला फरक याच्याशी जुळतो. मात्र एक भेद लक्षात ठेवावा: क्षार प्रामुख्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमचे असतील तर ते पिकाला ताण देतात, पण जमिनीची घडण सहसा मोडत नाहीत, सोडियमचे असतील तर काळी माती फुगते, चिकट होते आणि पाणी झिरपणेच बंद पडते. त्यासाठी सोडियम अधिशोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर, काढावे लागते. केवळ टीडीएसच्या, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांच्या, आकड्यावरून हे समजत नाही.

खाणवाट

मी खाण क्षेत्रात काम केलेला माणूस आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. हे पाणी नुसते वाया जात नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) नागपूर परिसरातील खाणींचे पाणी राज्याच्या महानिर्मिती कंपनीच्या वीज केंद्रांना देण्याचे करार झालेले आहेत, पाटणसावंगीजवळ खाणीच्याच पाण्यावर प्रक्रिया करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद पाणी तयार होते, आणि अनेक गावांना उन्हाळ्यात खाणीच्या पाण्याचा आधार असतो. मार्च ते जूनमध्ये कित्येक नाले केवळ खाणीच्या उपशामुळे वाहते राहतात. आपण सल्फेटची मर्यादा घाला म्हणता. ती गाठायची कशी? सगळ्या पाण्याला आरओ लावले आणि त्यातून ७५ टक्के पाणी गोड मिळाले तर उरलेल्या २५ टक्क्यांत तेच क्षार जवळपास चौपट दाट होतात. ते पाणी कुठल्या नदीत सोडायचे?

निवळी

खाणवाट यांचा प्रश्न रास्त आहे आणि सर्व पाण्याला आरओ हे उत्तर मलाही मान्य नाही. ज्यांना सल्फेट चुन्याने उतरवता येते असे वाटते त्यांच्यासाठी सांगतो: चुना दिल्यावर सल्फेट जिप्समच्या रूपात खाली बसते, परंतु जिप्सम स्वतःच पाण्यात विरघळणारे असल्यामुळे साधारण १,५०० ते २,००० मिलिग्रॅमच्या खाली पाणी येत नाही. आपल्याकडचे खाणीचे पाणी बहुधा आधीच त्याच्या खाली असते, म्हणजे चुना येथे निरुपयोगी. त्याखाली जायचे तर पडदागाळण (आरओसारख्या पडद्यांतून पाणी गाळणे), आयन विनिमय किंवा सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची टाकी हेच मार्ग राहतात आणि तिन्ही खर्चिक आहेत.

तरीही हे जगात कुठेच होत नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेत विटबँक कोळसा क्षेत्रातल्या इमलाहलेनी शहराजवळ २००७ मध्ये असे केंद्र सुरू झाले. तिथे चुन्याने आम्ल व धातू काढून, गाळून, मग पाणी पडद्यांतून अनेक टप्प्यांत नेतात. प्रत्येक टप्प्यावर दाट होणाऱ्या पाण्यातून जिप्सम खाली पाडतात आणि उरलेले पाणी पुन्हा पडद्यांवर घेतात, त्यामुळे टाकाऊ पाणी फारच थोडे उरते. शुद्ध पाणी नगरपालिकेला पिण्यासाठी जाते. हे परवडण्याचे मुख्य कारण असे की त्या शहराला पाणी हवेच होते.

आपल्याकडचा सरळ मार्ग वापरानुसार पाणी वाटण्याचा आहे. धूळ दाबण्यासाठी रस्त्यावर मारायच्या पाण्याला गाळ काढला तरी पुरे. वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्याला कठीणपणा चालत नाही, पण तिथे पाणी मऊ करण्याची यंत्रणा आधीपासून असते. पिण्यासाठी लागेल तेवढ्याच पाण्याला आरओ लावावे. अडचण फक्त सिंचनाच्या आणि नाल्यात सुटणाऱ्या पाण्याची उरते, आणि तिथेच आज सर्वांत कमी तपासणी होते, हे मात्र मी आग्रहाने नोंदवतो.

पाणकणीस

वनस्पतींच्या साहाय्याने, कृत्रिम पाणथळ तयार करून हे शुद्धीकरण होऊ शकेल का? विजेचा खर्च नाही, आणि गावालाही सांभाळता येईल.

वर्धाकाठ

कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. लोह काढण्यासाठी पाणथळ उत्तम आहे. अमेरिकेत कोळसा खाणींच्या पाण्यावर झालेल्या कामातून एक ढोबळ नियम रूढ आहे की पुरेशी अल्कता, म्हणजे आम्ल मारण्याची क्षमता, असलेल्या पाण्यातून एका चौरस मीटर पाणथळात दिवसाला सुमारे १० ग्रॅम लोह बसते. रोज हजार घनमीटर पाणी आणि त्यात प्रति लिटर २० मिलिग्रॅम लोह असेल तर दिवसाला २० किलो लोह, म्हणजे २,००० चौरस मीटर, अर्धा एकर. हे गावाच्या आवाक्यातले आहे. गाळ आणि सुरुंगाच्या अमोनियम नायट्रेटमधून येणारे नायट्रेट यांवरही पाणथळाचा चांगला उपयोग होतो. परंतु सल्फेट आणि कठीणपणा त्यातून जवळजवळ जसेच्या तसे पार होतात; उलट उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे ते थोडे दाटच होतील. काळीमाती यांच्या हरभऱ्याला पाणथळाचा उपयोग नाही.

डरहॅमकर

मी इंग्लंडच्या ईशान्य भागात राहतो. आपली चर्चा चालू खाणींची आहे. बंद पडलेल्या खाणींबद्दल येथले थोडे लिहितो, कारण पाण्याचा मोठा प्रश्न पंप थांबल्यावर सुरू होतो.

डरहॅमच्या समुद्रकाठची इझिंग्टन येथील खाण १९९३ मध्ये बंद झाली. या भागातील खाणी भूमिगत बोगद्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे उपसा थांबल्यावर पाणी संपूर्ण क्षेत्रात एकत्र चढू लागले. खाण कोरडी असताना भिंतींवर पायराइटपासून बनलेले जे क्षार वर्षानुवर्षे साठलेले असतात ते पाणी चढताना एकदम विरघळतात, म्हणून बंद खाणीतून बाहेर येणारे पहिले पाणी सर्वांत वाईट असते. येथे वरच्या चुनखडीच्या थरातून पिण्याचे पाणी काढले जाते. ते वाचवण्यासाठी सीहॅमजवळ डॉडन येथे खाणीचे पाणी ठरावीक पातळीच्या खाली राहील असा उपसा चालू ठेवून चुन्याने त्यातले लोह काढणारे केंद्र उभारावे लागले. हे काम १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी संस्थेकडे आहे, जिचे नाव २०२४ मध्ये बदलून मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटी असे झाले. देशभरात तिची अशी ऐंशीच्या आसपास केंद्रे आहेत. जर्मनीत रुहर खोऱ्यातली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तरी तिथला उपसा कायमचा चालू ठेवावा लागणार आहे आणि त्यासाठी २००७ मध्येच वेगळे प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले.

चंद्रपूर शहराच्या अगदी पोटाशी भूमिगत खाणी आहेत. तिथे पंप कायमचे थांबतील तेव्हा पाणी कुठल्या पातळीला आणि कुठल्या बाजूने बाहेर पडेल, हे आज कुणी मांडलेले आहे का?

खाणवाट

प्रत्येक खाणीचा बंदीकरण आराखडा असतो. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून खाणीच्या आयुष्यभर एस्क्रो खात्यात, म्हणजे बंदीकरणासाठी राखीव खात्यात, रक्कम भरावी लागते. मूळ दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये होता. आराखड्यात पाण्याचे प्रकरणही असते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतांश भर खड्डा भरणे, ढिगाऱ्यांवर झाडे लावणे आणि तलावाला कुंपण घालणे यांवर असतो.

वर्धाकाठ

त्या दोन दरांतला फरकच बोलका आहे. भूमिगत खाणीत वरून जमीन फारशी बिघडलेली दिसत नाही म्हणून दर कमी ठेवला गेला असावा. डरहॅमचा अनुभव असा आहे की पाण्याचे दीर्घकालीन ओझे भूमिगत खाणीचेच जास्त असते. हेक्टरच्या हिशोबात पाणी मावत नाही.

काळीमाती

मला नाल्याचे पाणी तपासून घ्यायचे आहे. कोणत्या तपासण्या सांगाव्यात आणि नमुना कसा घ्यावा, ते कृपया कळवावे.

निवळी

सामू, विद्युतवाहकता, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, अल्कता, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि लोह एवढे मागावे. सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हातात आले की एसएआर काढता येतो. लोहासाठी वेगळी बाटली लागते आणि तिच्यात प्रयोगशाळेने दिलेले आम्ल टाकावे लागते, नाही तर लोह वाटेतच बाटलीच्या तळाला बसते आणि अहवालात कमी दिसते. सामू जागेवरच मोजावा, कारण खाणीच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू वर चढतो. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि सावलीत, थंड ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी.

नमुने दोन ठिकाणचे घ्या: खाणीचे पाणी नाल्याला मिळते त्याच्या वरचा आणि खालचा. दोन ऋतूंतलेही घ्या, कारण मे महिन्यात क्षार सर्वाधिक दिसतील आणि ऑगस्टमध्ये गाळ. पर्यावरण मंजुरी असलेल्या खाणीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. आपल्या नमुन्याचा महिना त्या अहवालातील पाण्याच्या तक्त्याशी जुळवून पाहिला तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बोलता येते. पिण्यासाठीही हेच पाणी वापरत असाल तर पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे सल्फेटची इष्ट मर्यादा २०० आणि पर्यायी स्रोत नसताना ४०० मिलिग्रॅम आहे, तर कठीणपणाची २०० आणि ६००. त्या तुलनेसाठी जीवाणू तपासणी मात्र निराळी, निर्जंतुक बाटलीत करावी लागेल.

काळीमाती

आभारी आहे. नाल्याच्या वरच्या बाजूला आमच्या शिवारात पाणी फक्त पावसाळ्यातच असते, तेव्हा मे महिन्यात तुलनेसाठी काय घ्यावे?

निवळी

मग खाणीपासून दूर, विरुद्ध बाजूच्या एखाद्या चालू विहिरीचा नमुना घ्या आणि तिची खोली व पाण्याची पातळी त्या दिवशी लिहून ठेवा. आमच्या भागातले खडकच क्षार देतात असे उत्तर कुणी दिले, तर त्या विहिरीचा आकडा उपयोगी पडेल.